मण्यार नावाची बोट

(आगमन शताब्दीच्या समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी प्राथमिक शाळेतली शिक्षिका. वर्गात मुलांसमोर तासभर बोलायला मला काही वाटत नाही. पण आपल्या माणसांसमोर माईक हातात आला की पाय थोडे लटपटतात. तेव्हा सांभाळून घ्या.

आपण सगळी गिरमिटावर आलेल्यांची नातवंडे-पतवंडे. आपल्या प्रत्येक घरातली गोष्ट जहाजापासून सुरू होते. माझे पणजोबा कोणत्या जहाजाने आले, हे मात्र आमच्या घरात कोणालाच ठाऊक नाही. आजी एवढेच सांगे, की त्यांना समुद्र लागला, पोटात अन्न ठरेना, आणि उतरल्यावर कारकुनाला जे नाव ऐकू आले ते त्याने वहीत लिहिले. त्या दिवशी आमचे आडनाव गेले ते गेलेच. तुमच्यातही अशी घरे पुष्कळ असतील.

म्हणून आज जहाजाविषयी बोलायचे ठरवले. आपल्याला घेऊन आलेल्या जहाजाविषयी माझ्यापाशी सांगण्यासारखे काही नाही. पण याच सिंगापूरच्या पाण्यात वावरलेली एक छोटी बोट आहे. तिचेही नाव चार वेळा बदलले. तिची हकिकत मात्र बारीकसारीक तपशिलासह टिकून राहिली आहे. ती आधी सांगते, आणि मग आपल्याविषयी दोन शब्द बोलते.

रविवारी मी काही मुलांना मराठी शिकवते. एकदा सापांचा धडा होता. नाग, घोणस, फुरसे, मण्यार. कोकणातली आपली जुनी माणसे हिला कांडर म्हणत. मण्यार फणा काढत नाही, फुसफुसत नाही. रात्री निघते, गुपचूप येते. चावली तरी झोपलेल्या माणसाला पुष्कळदा कळतही नाही. तो सकाळी उठतच नाही. मुले डोळे मोठे करून ऐकत होती. मी म्हटले, ‘या सापाचे नाव दिलेली एक बोट होती आणि ती आपल्या सिंगापूरचीच होती.’ इंग्रजीत मण्यारीला क्रेट म्हणतात. बोटीचे नाव क्रेट.

ही बोट १९३४ साली जपानमध्ये बांधली. लाकडी, सुमारे ७० फूट लांब, ११ फूट रुंद. पहिले नाव कोफुकु मारू. कोफुकु म्हणजे सुख, सौभाग्य; आणि मारू हा शब्द जपानी लोक जहाजाच्या नावापुढे लावतात. तिचे काम साधे होते. दूर समुद्रात मासेमारी करणाऱ्या होड्यांना शिधापाणी पोचवायचे आणि त्यांची मासळी भरून सिंगापूरच्या बाजारात आणायची. म्हणजे मालवाहू बोटच ती. तिच्याकडे वळून पाहावे असे तिच्यात काही नव्हते. पुढे हेच तिच्या कामी आले.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने मलायावर हल्ला केला. त्याच आठवड्यात ऑस्ट्रेलियाच्या नौदलाच्या ‘गोलबर्न’ या सुरुंग काढणाऱ्या जहाजाने ही बोट पकडून सिंगापूरला आणली. जपानी मालकीची म्हणून ती जप्त झाली आणि एका बाजूला पडून राहिली.

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले. पडण्याआधीच्या दिवसांत बंदरात जे तरंगत होते त्यात माणसे कोंबून बाहेर काढली. प्रवासी बोटी, मालाच्या बोटी, नदीत चालणाऱ्या बोटी यांना आधीच राखाडी रंग फासून, एखादी तोफ बसवून नौदलाच्या कामाला जुंपले होते. अशीच किनाऱ्याकिनाऱ्याने माल वाहणारी ‘क्वाला’ नावाची बोट बायकामुले, परिचारिका आणि सैनिक घेऊन निघाली. १४ फेब्रुवारीला पोमपोंग बेटाजवळ जपानी विमानांनी तिच्यावर बाँब टाकले. जे पोहू शकले ते बेटावर पोचले. कित्येक पाण्यातच गेले.

आपली मासळीची बोट तेव्हा विल्यम रेनॉल्ड्स नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाच्या हाती आली होती. वय पन्नाशीच्या आसपास, म्हणजे माझ्याएवढेच. जहाजावरचा जुना माणूस, पण त्या वेळी सैनिक नव्हे. त्याने तिला एका फुलाचे चिनी नाव दिले, सुए सिन फा, आणि चिनी खलाशी घेऊन बेटाबेटांवर अडकलेली माणसे उचलायला सुरुवात केली. त्यांना सुमात्रात इंद्रगिरी नदीच्या मुखातून आत नेऊन सोडायचे आणि पुन्हा मागे फिरायचे. पोमपोंगवरची जखमी माणसेही त्याने उचलली. अशी हजाराहून अधिक माणसे या मासळीच्या बोटीने वाचवली.

तेथेच सुमात्रात आयव्हन लायन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने ही बोट पाहिली. जपानी बांधणीची बोट, जपानी ताब्यातल्या समुद्रात फिरली तरी कोण हटकणार? हा विचार त्याच्या मनात रुजला.

रेनॉल्ड्स बोट घेऊन बंगालचा उपसागर ओलांडून हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागला, आणि पुढे बोट मुंबईला आली. ज्या किनाऱ्यावरून आपले पूर्वज निघाले, त्या किनाऱ्याला ती उलट वाटेने पोचली. हिंदुस्थानात आल्यावरच तिला क्रेट, म्हणजे मण्यार, हे नाव मिळाले. एंजिन दमलेले होते. एवढ्या लांब ऑस्ट्रेलियापर्यंत ती स्वतःच्या बळावर जाईना. शेवटी मुंबईहून तिला एका मोठ्या जहाजावर चढवून ऑस्ट्रेलियाला धाडले. बोटच माल होऊन गेली!

ऑस्ट्रेलियात तिचे जुने एंजिन काढून १०३ अश्वशक्तीचे नवे गार्डनर डिझेल एंजिन बसवले. जेथे मासळी भरत तेथे आता दारूगोळा, अन्न, तेल आणि घडीच्या होड्या भरल्या. या होड्या लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर रबरी कापड ताणून बनवलेल्या होत्या. दोन माणसे बसतील एवढ्याच. बाहेरून मात्र बोट होती तशीच ठेवली. मासेमारीचीच दिसली पाहिजे, ही अट.

२ सप्टेंबर १९४३ ला ती पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एक्समथ आखातातून निघाली. बोटीवर १४ माणसे होती, १० ऑस्ट्रेलियन आणि ४ ब्रिटिश. म्होरक्या लायन. बेटांच्या समुद्रात शिरल्यावर त्यांनी जपानी झेंडा लावला, अंगाला तपकिरी रंग फासला आणि सारोंग नेसले. वरून विमान गेले तर कोळी वाटावेत म्हणून. बोटीचा वेग तासाला जेमतेम १२ किलोमीटर. आपल्या किनाऱ्यावरच्या बागेत सायकल चालवणारा पोरगा तिला मागे टाकील!

सिंगापूरच्या दक्षिणेच्या एका बेटावर सहा जणांना तीन घडीच्या होड्यांसह उतरवून बोट दूर निघून गेली. हे सहा जण रात्री वल्हवत आणि दिवसा बेटांवर लपत सिंगापूरच्या समोर आले. २६ सप्टेंबरच्या रात्री तिन्ही होड्या बंदरात शिरल्या. एक केपेल बंदराकडे गेली, एक पुलाव बुकोमच्या तेलाच्या धक्क्याकडे, एक नांगरलेल्या जहाजांकडे. जहाजाच्या अंगाला चुंबकाने चिकटणारे सुरुंग त्यांनी पाण्याखाली लावले आणि अंधारातच परतीला लागले. पहाटे स्फोट झाले. सात जहाजे बुडाली किंवा निकामी झाली, असा त्यांनी हिशेब मांडला. त्यांतली काही जपान्यांनी पुढे दुरुस्त करून वापरली.

या सहा जणांना परत घ्यायला बोट कोठे आली असेल? पोमपोंग बेटाजवळ. दीड वर्षापूर्वी रेनॉल्ड्सने जेथून जखमी उचलले होते, तेच बेट. परतताना लोम्बोकच्या सामुद्रधुनीत एक जपानी गस्ती जहाज रात्री अगदी जवळ आले, काही वेळ बरोबरीने चालले आणि काही न विचारता निघून गेले. मासळीची बोट म्हणून सोडून दिली असावी. १९ ऑक्टोबरला, ४८ दिवसांनी, चौदाच्या चौदा माणसे सुखरूप परत आली. आणि गंमत पाहा, नौदलाच्या पटावर हिचे नाव रीतसर चढले ते १९४४ साली, एवढा पराक्रम करून झाल्यावर!

वर्गात मी गोष्ट येथे थांबवली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही खूश झाले. तेवढ्यात आठ वर्षांच्या एका मुलीने हात वर केला. म्हणाली, ‘बाई, जपानी लोकांना कळलेच नाही कोणी केले. मग त्यांनी शिक्षा कोणाला दिली?’

मला उत्तर माहीत होते. पण आठ वर्षांच्या पोरीला ते कसे सांगावे ते कळेना. ‘पुढच्या रविवारी सांगते,’ म्हणून मी वेळ मारून नेली. त्या पोरीची मी आजही ऋणी आहे. आज तुम्हाला सगळे सांगते.

जपान्यांच्या लष्करी पोलिसांना, केंपेताईला, वाटले की हे काम शहरातल्याच लोकांचे आहे. ब्रिटिशांनी मोहीम गुप्त ठेवली होती. चांगीच्या तुरुंगात गोरे नागरिक कैदेत होते. त्यांनी बाहेरच्या लोकांशी संधान बांधून हे घडवले, असा संशय धरला गेला. १० ऑक्टोबर १९४३ ला, म्हणजे दहाव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, केंपेताईने चांगीवर धाड घातली. म्हणून त्या प्रकरणाला ‘डबल टेन्थ’ असे नाव पडले. क्रेट तेव्हा परतीच्या वाटेवरच होती. लोम्बोकला पोचायला तिला एक दिवस बाकी होता.

पुढचे महिनोन्‌महिने धरपकड आणि छळ चालला. ज्या ५७ नागरिकांच्या छळाबद्दल युद्धानंतर खटला चालला, त्यांपैकी १५ मरण पावले. त्यांतल्या एकालाही क्रेटविषयी काडीइतकी माहिती नव्हती. जे माहीतच नाही ते कबूल कसे करणार? १९४६ साली सिंगापुरात २१ आरोपींवर खटला होऊन आठ जणांना फाशीची शिक्षा झाली.

धरलेल्यांत एलिझाबेथ चॉय या शिक्षिका होत्या. त्या आणि त्यांचे यजमान एका इस्पितळात उपाहारगृह चालवत आणि चांगीतल्या कैद्यांना चोरून अन्न, पैसे, निरोप पोचवत. आधी यजमानांना नेले, मग त्यांना. ऑर्चर्ड रोडजवळच्या जुन्या वायएमसीएच्या इमारतीत केंपेताईचे ठाणे होते. तेथे त्यांना सुमारे २०० दिवस कोंडले आणि छळले. त्या वाचल्या. १९५१ साली कायदे मंडळात बसल्या. पुढे अंध मुलांच्या शाळेच्या पहिल्या मुख्याध्यापिका झाल्या. खडू हातात धरणाऱ्या बाईने काय काय सोसले, हे मी आमच्या शिक्षकांच्या खोलीत नव्या मुलींना नेहमी सांगते.

तेव्हा या बोटीची गोष्ट नुसत्या चौदा जणांची नाही. ज्यांनी धाडस केले ते चौदा, आणि ज्यांना त्याची किंमत मोजावी लागली ते हे वेगळे लोक. दोन्ही सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही.

आता कोणी विचारील, ‘बाई, ही इंग्रजांची बोट. आपला काय संबंध?’ प्रश्न रास्त आहे. क्रेट परत पोचली १९ ऑक्टोबरला, आणि २१ ऑक्टोबरला नेताजींनी याच शहरात, कॅथेच्या इमारतीत, आझाद हिंदचे हंगामी सरकार जाहीर केले. आमच्या घरात नेताजींची तसबीर होती, आजही आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरचे लोक त्या दिवसांत इंग्रजांच्या बाजूचे नव्हते. म्हणून मी बाजू घ्यायला उभी नाही. माझा संबंध वेगळाच आहे, आणि तो सांगायला मला पंचावन्न वर्षे लागली.

त्याच ऑक्टोबरमध्ये, १७ तारखेला, सयाम आणि ब्रह्मदेश यांना जोडणाऱ्या रेल्वेचे रूळ जोडले गेले. या रेल्वेसाठी मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून हजारो मजूर नेले. बहुतेक तमिळ बांधव. कित्येक परत आले नाहीत. माझे आजोबा तेव्हा जोहोरच्या एका मळ्यावर मुकादम होते, इकडच्या भाषेत कंगाणी. मजुरांची यादी करायचे काम मुकादमाकडे येई. आजोबांनी यादी केली.

आमच्या घरात हे कधी बोलले गेले नाही. आजोबांविषयी सांगत ते असे, की मेहनती होते, मुलांना शिकवले, गणपतीत आरती खड्या आवाजात म्हणत. तेही खरेच आहे. पण लहानपणी मी पाहत असे, की आजी दर महिन्याला एका तमिळ पाटीला, म्हणजे म्हातारीला, तांदूळ नेऊन देई. का देतेस विचारले की म्हणे, ‘द्यायचे असतात.’ मोठेपणी आईने एकदाच सांगितले. त्या म्हातारीच्या नवऱ्याचे नाव आजोबांच्या यादीत होते.

नाही म्हणायची आजोबांना सोय होती का? नसावी. नाही म्हटले असते तर पहिले नाव त्यांचेच लागले असते. मी त्यांचा निवाडा करायला बसलेली नाही. पण त्या मुलीने विचारले, ‘शिक्षा कोणाला दिली?’, तेव्हा मला क्रेटच्या आधी आमच्या घरातले ते तांदूळ आठवले.

बोटीचे पुढे काय झाले ते सांगते. रेनॉल्ड्स पुढे एका गुप्त कामगिरीवर जपान्यांच्या हाती सापडला; १९४४ मध्ये त्याला ठार केले. लायन त्याच वर्षी दुसऱ्या मोहिमेवर सिंगापूरकडे आला. नाव होते रिमाउ. या खेपेस क्रेट बरोबर नव्हती. २३ जणांपैकी एकही जगला नाही. त्यांतल्या दहा जणांचा ७ जुलै १९४५ ला सिंगापुरातच शिरच्छेद झाला. युद्ध संपायला सहा आठवडेही उरले नव्हते. क्रांजीच्या दफनभूमीत त्यांच्या कबरी आहेत. बसने जाऊन पाहता येतात. मी मुलांना घेऊन गेले आहे.

क्रेट मात्र तगली. युद्धानंतर ती विकली गेली आणि बोर्निओत लाकूडव्यवसायात राबू लागली. तेथे तिचे नाव झाले पेडांग, म्हणजे मलय भाषेत तलवार. १९६४ साली लोकवर्गणीतून ऑस्ट्रेलियाने तिला परत नेले. आज ती सिडनीला सागरी संग्रहालयाच्या धक्क्याला आहे. नाव पुन्हा क्रेट.

बघा, एका लाकडी बोटीचे चौथे नाव पुसून तिसरे परत लावायला लोकांनी वर्गणी काढली. आपल्या पणजोबांचे आडनाव कारकुनाने खाल्ले, त्यासाठी आपण काय केले? मी तरी काही केले नव्हते.

आपल्या स्मरणिकेसाठी पाने मागवली आहेत. मी आलेली पाने चाळली. छान आहेत. किती कष्ट केले, घर कसे बांधले, मुले कशी डॉक्टर-इंजिनिअर झाली. हे लिहायलाच हवे. पण मी वडीलधाऱ्या मंडळींना हात जोडून विनंती करते: त्याखाली आणखी चार ओळी लिहा. जे परत गेले आणि ज्यांचे पत्र आले नाही, त्यांच्याविषयी. मळ्यावर ज्या बाईचे नाव कोणी घेत नाही, तिच्याविषयी. आपल्यापैकी जो मुकादम झाला आणि आपल्याच माणसांवर ओरडला, त्याच्याविषयी. आपल्या भाकरीसाठी शेजारच्या तमिळ, मलय, चिनी घराने काय सोसले, त्याविषयी. नाव आठवत नसेल तर ‘नाव आठवत नाही’ असेच लिहा. पण लिहा. पुढच्या दहा वर्षांत सांगणारे कोणी उरणार नाही.

माझे पान मी दिले आहे. त्यात आजोबांची आरती आहे, आणि यादीही आहे. भावाला आधी आवडले नाही. म्हणाला, ‘ताई, घरातले घरात राहू दे.’ मग दोन दिवसांनी फोन करून म्हणाला, ‘त्या पाटीचे नाव काय होते ग?’ आम्ही दोघांनी आठवून पाहिले. आठवले नाही. जुन्या मळ्यावरच्या एका कुटुंबाकडे विचारले आहे. कळले तर पुढच्या आवृत्तीत घालू.

पुढच्या रविवारी त्या मुलीला मी उत्तर दिले. म्हटले, ‘ज्यांनी काही केले नव्हते, त्यांना शिक्षा झाली.’ ती जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, ‘मग त्यांची नावे सांगा.’ मी एलिझाबेथ चॉय यांच्यापासून सुरुवात केली.